न घेतलेले नाव

पहिल्याच चेंडूवर मधली यष्टी उखडली, शेणाने सारवलेल्या खेळपट्टीमागे जाऊन पडली, आणि रघुनाथाने माइकमध्ये सांगितले, "फलंदाजाचा अंदाज चुकला."

बांधावर, काजूच्या फांद्यांवर, कडेला उभ्या केलेल्या टिपरांच्या टपांवर बसलेले सारे पार्से गाव क्षणभर कर्ण्याकडे बघत राहिले. अजून काही यायचे आहे, असे त्यांना वाटत होते. एरवी शंभूने असा दांडा उडवला की रघुनाथ खुर्चीतून उठत असे. "आला, आला, पाळीचा टिपर आला! हॉर्न नाही, ब्रेक नाहीत, बाजूला व्हा मंडळी!" असे तो गर्जत असे आणि बांधावरच्या बायका पदर तोंडाशी नेऊन हसत. शंभू पाळीच्या खाणीवर टिपर चालवायचा. त्याला ही पदवी रघुनाथानेच दिली होती आणि ती आता पार सावंतवाडीपर्यंत जाऊन पोचली होती. आज मात्र कर्ण्यातून नुसती खरखर आली. मग माणसे आपली आपणच ओरडली. पण त्या ओरडण्याला कणा नव्हता. ते नुसतेच कापलेल्या शेतावर पसरले आणि विरले.

शंभूनेही मांडवाकडे पाहिले. गडी बाद केल्यावर मांडवाकडे पाहायची त्याची सवयच होती.

मांडवात रघुनाथाच्या शेजारी, पाहुण्यांच्या खुर्चीवर, कृष्णनाथबाब बसले होते. डिचोलीच्या क्लबात ते मुलांना सीझन बॉल शिकवत. क्रिकेट तेच, पण कातडी चेंडूचे. पांढरे कपडे, काथ्याची मॅट, दिवसभर चालणारा आणि संध्याकाळपर्यंत कधीकधी काहीच न ठरणारा खेळ. इकडचा खेळ टेनिसच्या चेंडूचा. भातकापणी झाली की मळ्यात शिगम्याच्या खेळांचा मांड पडावा तसा पडणारा, दोन तासांत संपणारा, ऑम्लेट-पावाच्या गाड्यासकट येणारा. तिकडच्यांच्या मते इकडे हात बिघडत. इकडच्यांच्या मते तिकडे माणसे झोपत. आणि यंदा तिकडच्या संघटनेने नियम केला होता: जो आमच्याकडे खेळेल, त्याने गावच्या स्पर्धेत पाऊल टाकायचे नाही.

"या चेंडूवर मला कोणाची पारख होत नाही," सामन्याआधी कृष्णनाथबाब म्हणाले होते. "हलका चेंडू. त्यावर प्रत्येक जण वेगवान दिसतो आणि प्रत्येक जण बादही होतो. तुम्ही यांचा एकेक चेंडू पाहिलेला आहे. तुम्ही सांगाल तो मुलगा मी नेईन."

त्यांनी हे म्हटले तेव्हा संघाचा कप्तान सदाशिव मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. पाहुण्यांसाठी सोडा आणायच्या निमित्ताने त्याने रघुनाथाला मागे बोलावले.

"शंभू गेलो मगे फुडल्या वर्सा हंय कुत्रो येवचो नाय, सांगून ठेवतंय."

"मी काय करू?"

"तू काय एक करू नको. नुसतो गप ऱ्हव."

गप्प राहणे रघुनाथाला नवे नव्हते. आठवडाभर तो पेडण्याच्या एका पतसंस्थेत जाळीआड बसून पासबुके भरत असे. तिथे त्याच्या आवाजाला काही काम नसे. जाळीतून पुस्तक यायचे, जाळीतून जायचे. घरी बायको, विमला, म्हणायची, तुम्ही बोलता की पुटपुटता तेच समजत नाही. रविवारी दुपारी मात्र हा आवाज त्याच्या देहातून सुटे, माडांच्या शेंड्यांवरून जाई, नदीपलीकडच्या वाडीत जेवणाऱ्यांचे हात थांबवी. दोन मोसम या आवाजाला शंभूचा वेग मिळाला होता. शंभू गेला तर माणसे जाणार होती, आणि माणसांबरोबर तो आवाजही. सदाशिवने हे सांगायची गरज नव्हती.

म्हणून आज त्याने महादेवचे कौतुक आरंभले. महादेव चाळिशीचा, मंदगती गोलंदाज, संघात केवळ जुना म्हणून टिकलेला.

"काय तो टप्पा! काय ती नजर! महादेव म्हणजे अनुभवाचा अथांग सागर, प्रेक्षकहो!"

महादेवाने चेंडू टाकायचा थांबून कर्ण्याकडे संशयाने पाहिले.

"ए रघुनाथा," काजूवरून कोणीतरी ओरडले, "महादेवान तुका कोंबो धाडलो काय रे?"

मैदान हसले. रघुनाथही हसला, मग माइक तोंडापासून थोडा दूर धरून बसला.

शंभू पुन्हा गोलंदाजीला आला तेव्हा ऊन तिरपे झाले होते. त्याने एक चेंडू फलंदाजाच्या हनुवटीखालून काढला आणि मांडवाकडे पाहिले. रघुनाथाने धावसंख्या सांगितली. पुढचा चेंडू त्याने अधिक जोर लावून टाकला आणि तो भरकटला.

"वाइड!" कर्णा लगेच म्हणाला. "पुन्हा सांगतो, वाइड!"

आता शंभू चेंडू टाकण्याआधीच मांडवाकडे बघू लागला. अंधाऱ्या वाटेने जाणारा माणूस पुढे चालणाऱ्याला साद घालतो आणि उत्तर आले नाही की त्याचे पाऊल जसे अडखळते, तसे त्याचे धावणे अडखळत होते. रघुनाथाला ते दिसत होते. त्याने चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि बराच वेळ पुसत राहिला.

"या उंच मुलाबद्दल काय वाटतं तुम्हाला?" कृष्णनाथबाबांनी विचारले.

माइकचे बटण बंद करून रघुनाथ म्हणाला, "वेग आहे."

"आणि?"

"हात वाकतो त्याचा. कोपरातून."

ते वाक्य किती सहज बाहेर पडले! दोन मोसमांत त्याने शंभूचा हात हजार वेळा डोक्यावरून येताना पाहिला होता. माडाच्या झावळीच्या दांड्यासारखा सरळ.

"म्हणजे चेंडू फेकतो," कृष्णनाथबाबांनी मान हलवली. "मग विषयच संपला. आमच्याकडे पंच पहिल्याच सामन्यात थांबवतील त्याला. बरं झालं सांगितलंत."

शेवटच्या षटकात शंभूने मांडवाकडे बघणे सोडून दिले. खाली मान घालून तो धावत आला आणि तीन गडी घेऊन गेला. पार्से जिंकले. मुले यष्ट्या उपटून नाचू लागली, ताशा वाजू लागला. रघुनाथाने संघाचे नाव दोनदा घोषित केले आणि घामाने ओला झालेला माइक टेबलावर ठेवला.

"मुलाचं राहू द्या," कृष्णनाथबाब त्याच्याकडे वळून म्हणाले. "तुम्ही याल का?"

"मी? कुठे?"

"आमच्याकडे खेळ चांगला आहे हो, पण तो बघतो कोण? एक पंच, दुसरा पंच आणि कुंपणापाशी दोन गायी. बोलणारा कोणीतरी हवा, असं यंदा संघटनेलाही पटलंय. आधी डिचोली, मग म्हापसा, पणजी. फक्त मग गावच्या स्पर्धेत बोलता यायचं नाही. नियम तुम्हालाही लागेल."

ताशाचा आवाज फार लांबून आल्यासारखा वाटला. हिरवे, पाणी मारलेले मैदान, पांढऱ्या कपड्यांतली शांत माणसे आणि त्या शांततेत पडणारा आपला एकेक शब्द. रघुनाथाने टेबलावरची वायर सरळ केली. आपण नाही म्हटलेले नाही, हे त्याच्या उशिराच ध्यानात आले.

"माझं नाव तुम्हाला कोणी सांगितलं?"

"त्यानेच की, त्या उंच मुलाने. आमच्या मैदानामागच्या गॅरेजात टिपर घेऊन येतो. म्हणाला, माझं मागाहून बघा, आधी आमच्या रघुनाथदादांना एकदा ऐका."

तेवढ्यात सदाशिव पितळी चषक घेऊन मांडवात आला. उत्कृष्ट गोलंदाज कोण हे ठरवायला पार्शात समिती बसत नसे. ज्याने सगळे चेंडू सांगितले त्यानेच ते नाव सांगायचे, अशी इथली रीत. पाहुण्यांचे 'मुलाचं राहू द्या' सदाशिवने बाहेरून ऐकले होते; तो रघुनाथाच्या कानाशी वाकला.

"आता घे नाव. आता कायेक भिया नाय."

रघुनाथाने माइक उचलला. ताशा थांबला. बांधावरची माणसे, टपांवरची माणसे पुन्हा कर्ण्याकडे बघू लागली. कृष्णनाथबाबही बघत होते, हसऱ्या उत्सुकतेने, नव्या माणसाची कला बघावी तसे. रघुनाथाने ओठ उघडले. नाव जिभेवर होते, आणि तिथेच राहिले.

मग काजूवरून एक जण ओरडला, "शंभू!" टपावरून दुसरा. मग बांध, मग सगळे शेत. कर्ण्याच्या मदतीशिवाय ते नाव माडांच्या वर गेले.

कृष्णनाथबाबांचे हसू हळूहळू मावळले.

शंभू मांडवात आला. नखांत खाणीची लाल माती, सदरा पाठीला चिकटलेला. चषक त्याने काखेत मारला आणि तो रघुनाथासमोर वाकून काळजीने बघू लागला.

"दादानू, आज आवाज बसलो काय तुमचो?"

"होय रे," रघुनाथ म्हणाला. "बसलो."

मग त्याने शंभूचा उजवा हात मनगटाला धरून पुढे ओढला, कोपर दुसऱ्या तळव्याने दाबून सरळ केले, आणि फूटपट्टी ठेवावी तसा तो हात टेबलावर, कृष्णनाथबाबांच्या समोर ठेवला.

"ह्यां काय ओ?" शंभू हसू लागला.

हात सरळ होता. कृष्णनाथबाब हाताकडे बघत नव्हते, रघुनाथाकडे बघत होते.