मयुरानं लावलेले ड्रम

मयुरा दुपारी मैदानावर पोचली तेव्हा स्टेजवर छत चढलं नव्हतं आणि ड्रम उन्हात तापत होते. मंडपवाल्यांकडून तिनं एक कापड मागून आणलं, ड्रमांवर ताणलं आणि अर्धा तास नुसती बसून राहिली. ड्रमवर ताणलेली स्किन तापली की सैल पडते; तशीच आवळली तर संध्याकाळच्या गारव्यात सूर चढतो. नागपूरच्या डिसेंबरात हा हिशेब चुकवून चालत नाही.

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. नागपूरजवळच्या खापरखेड्याच्या कॉलनीत ती गच्चीवर ड्रम वाजवायची, तिथंच कान तयार झाला. सात वर्षांपूर्वी तिनं आणि वेदिकानं मिळून बँड काढला. वेदिका गायची, रजत गिटार वाजवायचा. आजचा कार्यक्रम आजवरचा सगळ्यात मोठा होता. मुंबईहून एक म्युझिक कंपनी त्यांना बघायला येणार होती.

ती ड्रमचे स्क्रू आवळायची चावी घेऊन कामाला लागली. समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे, बोटानं टिचकी मारून ऐकायचं, पुन्हा आवळायचं. खोलीत भिंती आवाज परत देतात, मैदानावर गेला तो गेला. म्हणून बास ड्रममध्ये आवाज दाबायला कोंबलेली चादर तिनं काढून टाकली आणि टॉम, म्हणजे वरचे छोटे ड्रम, जरा चढे ठेवले. मग रजतला मैदानाच्या पार मागच्या कठड्यापाशी उभं केलं.

"येऊन राहिला का आवाज?" ती ओरडली.

त्यानं लांबूनच हात वर केला.

अडीच तासांनी सगळे ड्रम एका सुरात बोलू लागले. आता फक्त हाय-हॅटची, म्हणजे स्टँडवरच्या झांजांची जोडी उजवीकडे न्यायची राहिली होती. मयुरा डावखुरी. ड्रम मांडणारे नेहमीच्या, उजव्या हाताच्या पद्धतीनं मांडून जात आणि ती दर वेळी उलटं करून घेई. तिनं स्टँड उचलला, तोच मागून वेदिका म्हणाली, "राहू दे नं वं तिथंच."

"काहून? मी उलट्या हातानं वाजवू का?"

वेदिका पायाशी पडलेल्या वायरींकडे बघत राहिली. "आज अपूर्व वाजवणार आहे. कंपनीवाल्यांचा माणूस आहे. त्यांचीच अट होती."

"कवा ठरलं हे?"

"पंधरा दिवस झाले."

मयुरानं स्टँड खाली ठेवला. "परवाच्या तालमीत तू माझ्याकडं बघून गाऊन राहिली होती, वेदिका."

"तुले सांगणार होती मी. पण सांगितलं असतं तर तू आली नसती. अन् उघड्यावर ड्रम लावणं तुझ्याबिगर कोणाले जमते?"

मयुराला आता उमगलं. म्हणजे आपल्याला बोलावलं होतं ते यासाठी. चावी अजून तिच्या मुठीत होती. ती टॉमपाशी गेली, स्क्रू अर्धा फेरा सैल केला. टिचकी मारली. ड्रमचा आवाज भोपळ्यासारखा बद्द आला. वेदिकानं ओठ दाबून धरले. आणखी दोन मिनिटांत सगळा संच बिघडवता आला असता. पण तो बद्द आवाज मयुरालाच सहन होईना. तिनं स्क्रू पुन्हा आवळला, ऐकलं, पाव फेरा अजून दिला. मग चावी ड्रमवर ठेवून ती स्टेज उतरली. बसस्टॉपवर पोचेपर्यंत तिनं डोळे पुसले नाहीत.

कार्यक्रम गाजला. वेदिकानं पाठवलेला व्हिडिओ तिनं उघडला, पहिल्या ठोक्यातच आपला टॉम ओळखला आणि बंद केला. उत्तर दिलं नाही.

पुढच्या रविवारी रजत घरी आला. आईनं त्याला चहा दिला. त्यानं तो बशीत ओतला.

"तुले बी माहीत होतं?" मयुरानं विचारलं.

"हो. वेदिका म्हणे, मयुरा समजून घेईल."

"विचारलं असतं तर घेतलंही असतं गा."

"मग आता...?"

"आता चहा पिऊन जा," ती म्हणाली, "अन् पुन्हा येऊ नको."

त्यानं चहा संपवला. ती दारापर्यंत गेली नाही.