कोनाचा रं तू, डांबरगोळ्या?

मित्रांनो, शेवटी क्लेमेंटीनची बोट सुटली.

आता हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. मीही ते लिहिलेलं नाही. बोट अजून सुटलेली नाही, कारण बोट अजून अडकलेलीच नाही. तुम्ही शांत बसा. मी पहिल्यापासून सांगतो.

मी एक जुना डांबरगोळा आहे. वसईच्या किनाऱ्यावर राहतो. कपाटात साड्यांच्या घडीत ठेवतात ती डांबराची गोळी माझी कोणी लागत नाही, हे आधीच स्पष्ट केलेलं बरं. ती पांढरी आहे. तिला घर आहे, कामधंदा आहे, झुरळं तिला घाबरतात. मी काळा आहे आणि लोकांच्या पायाला लागतो. बस, एवढंच माझं शिक्षण.

माझा जन्म एका मोठ्या जहाजाच्या पोटात झाला. जहाजाच्या इंजिनातून तेल गळतं, कुठून कुठून पाणी झिरपतं आणि ते सगळं तळाशी साचतं. त्या घाणीचं काय करायचं, याचे नियम जगातल्या देशांनी एकत्र बसून ठरवले आहेत. आपल्या देशाचीही त्यावर सही आहे. नियम असा, की ते पाणी आधी एका यंत्रातून गाळायचं. गाळलेल्या पाण्याच्या दहा लाख थेंबांत तेलाचे पंधरा थेंब राहिले तर ते समुद्रात सोडता येतं. सोळावा चालत नाही. उरलेलं तेल टाकीत सांभाळायचं आणि बंदर आलं की तिथे जमा करायचं.

मित्रांनो, मी तो सोळावा. माझ्यामागे रांगेत जे कित्येक हजार उभे होते, तेही मीच.

आमच्या जहाजावरचं गाळायचं यंत्र आजारी होतं. बंदरात तेल जमा करायचं तर थांबावं लागतं, आणि जहाजांना थांबणं आवडत नाही. मग भर पावसात, समुद्रात कोणाला कोणी दिसत नसताना, कोणीतरी एक झडप उघडली. जहाजाने मला सोडलं आणि ते पुढे निघून गेलं. त्याच्या पाठीवरचं नाव वाचून ठेवावं, एवढी साधी अक्कल मला सुचली नाही. तेव्हा मला डोळे काय, धड आकारही नव्हता. कागदोपत्री मी अजून त्या टाकीतच आहे आणि माझं तिथे बरं चाललं आहे.

लाटांनी मला मळलं, वाऱ्याने ढकललं. वाटेत वाळू चिकटली, एक शिंपला चिकटला, एका चपलेचा अंगठा चिकटला. असा बऱ्यापैकी भरलेल्या अंगाने मी वसईला लागलो.

इथे नवा कोणी दिसला की त्याचं नाव विचारत नाहीत. "कोनाचा तू?" असं विचारतात. कोणाचा ते कळलं की बाकी सगळं कळतं: घर कुठलं, बोट कुठली, भांडण कोणाशी. इथल्या कुत्र्यांनासुद्धा हे उत्तर देता येतं. मला येत नव्हतं. मी वाळूत तोंड घालून पडलो.

तिथेच मला आयुष्यातला पहिला आणि शेवटचा मान मिळाला. माणिकपूरला फ्लॅटमध्ये राहणारे जितेंद्र नावाचे एक गृहस्थ रविवारी सकाळी किनाऱ्यावर फिरायला येत. पावसाने मला धुऊन गुळगुळीत केलं होतं. त्यांनी मला पाहिलं, चपला काढल्या, हात जोडले. त्यांना मी शाळिग्राम वाटलो. मी ओरडून सांगायला हवं होतं, पण गोळ्याला आवाज नसतो. मी तो नमस्कार मुकाट्याने घेतला. त्याची लाज अजून गेलेली नाही.

त्यांनी मला रुमालात गुंडाळून पँटच्या खिशात ठेवलं. पँट क्रीम रंगाची होती. मग ते गाडीत बसले. गाडी नवी होती. मित्रांनो, ऊब मिळाली की मी विरघळतो, हा माझा स्वभाव आहे. मी रुमालातून खिशात, खिशातून पँटमध्ये आणि पँटमधून सीटवर असा सहकुटुंब पसरलो.

जितेंद्र तसेच उलटे किनाऱ्यावर आले. एका हाताने पँट धरलेली, दुसऱ्या हातात उरलेला मी. समोर पहिली बोट दिसली तिच्याखाली त्यांनी मला फाडकन आपटलं. ती बोट होती 'कॅथरिन'.

'कॅथरिन' ही क्लेमेंटीनची. बोटीला तिच्या सासूचं नाव होतं, कारण दोघी सारख्याच धूर सोडत. मासेमारीच्या पावसाळी बंदीत बोट झावळ्यांखाली शाकारलेली होती. पण आदल्याच आठवड्यात तिचं इंजिन उघडून दुरुस्त केलं होतं, त्यामुळे खालच्या वाळूत तेलाचे दोन-चार डाग होते. त्या डागांच्या बरोबर मध्ये मी जाऊन पडलो. एवढा अचूक नेम मला जन्मात कशातच साधला नव्हता.

"ओ बाई, हे बघा तुमच्या बोटीचं ऑइल!" जितेंद्र ओरडले.

क्लेमेंटीन जाळं विणत बसली होती. तिने आधी मला पाहिलं, मग पँट पाहिली.

"माझी बोट तुमच्या खिशात शिरली होती काय?"

शेजारी तिची नणंद बर्था बसली होती. ती इतकी हसली की तिच्या हातातली सुई वाळूत पडली. जितेंद्र तोंडाने बोलायचे ते थांबले आणि कागदावर बोलायचं त्यांनी ठरवलं. त्यांनी तक्रार केली. शाळिग्रामाचा उल्लेख तक्रारीत नव्हता.

तक्रार फिरत फिरत संपदा मॅडमपर्यंत पोचली. समुद्रात तेल कोणी सांडलं याचा तपास त्या करत. त्या आल्या, खाली वाकल्या, डाग पाहिले, मला पाहिलं.

"नमुन्याचा अहवाल येईपर्यंत बोट हलवायची नाही," त्या म्हणाल्या.

क्लेमेंटीनच्या हातातलं जाळं थांबलं. चार दिवसांनी बंदी उठणार होती.

"मॅडम, पयल्या दर्याला बोट नाय गेली तं खलाशी दुसऱ्या बोटीवर चढतील. मंग वरीसभर बोट कोन नेईल? बर्था नेईल?"

"मला तर उलटी होते बोटीत," बर्था म्हणाली.

मॅडमना वाईट वाटलं असावं, कारण त्या उपड्या टोपलीवर बसल्या आणि समजावू लागल्या. "हे बहुतेक मोठ्या जहाजाचं आहे, मलाही तसंच वाटतं. पण वाटून चालत नाही. मोठ्या जहाजांसाठी मार्पोल आहे."

"मार्पोल? कोनाचा पोर तो?"

"जहाजांच्या घाणीबद्दल देशादेशांनी केलेला करार आहे तो, मावशी. जहाज आपल्या हद्दीत सापडलं, आणि तेल त्याचंच हे सिद्ध झालं, तर आपण कारवाई करू शकतो. ते आपल्या बंदरात आलं तर चढून तपासू शकतो. पण लांब समुद्रात घाण केली असेल, तर पुरावा जहाजाच्या झेंड्याच्या देशाकडे पाठवायचा. शिक्षा त्यांनी द्यायची."

"म्हंजे चोर सापडला तं चोराच्या बापाला चिठ्ठी लिवायची."

"तसंच काहीसं."

"आनि बाप कुठं ऱ्हातो?"

मॅडम बोटं मोजू लागल्या. "मालक एका देशात, खलाशी दुसऱ्या, झेंडा तिसऱ्या. झेंडा भाड्याने मिळतो. झेंडा देणाऱ्या काही देशांना तर समुद्रच नाही."

"दर्या नाय आनि जहाजं हायेत?" क्लेमेंटीनने बर्थाकडे पाहिलं. "आपल्याकडं दर्या हाय आनि बोट नाय."

मी बोटीखाली पडून हे सगळं ऐकत होतो. मी कोणाचा ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तीन देशांचा मिळून मी कोणाचाच नव्हतो. आणि ज्या बाईने मला आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं, तिच्या नावावर मी चढलो होतो. मित्रांनो, मला वाळूत अजून खोल जायचं होतं, पण खाली इंजिनाचं तेल होतं.

एक आशा मात्र होती. माझा नमुना तपासला की मी जड, काळं, जहाजी तेल आहे, बोटीच्या डिझेलशी माझं काही नातं नाही, हे लगेच कळलं असतं. पुढेमागे एखाद्या जहाजाच्या टाकीशी मी जुळलोही असतो. म्हणजे एकाच कागदात क्लेमेंटीनला बोट आणि मला बाप.

पण मॅडमची नमुन्याची काचेची बाटली रिक्षात राहिली होती.

"स्वच्छ बाटली मिळेल का? काचेची?"

बर्था घरात पळाली. इथे प्रत्येक दाराशी खोबरेल तेलाची एक बाटली असते. डोक्यासाठी वेगळी, ही माझ्यासाठी. पायाला मी लागलो की खोबरेल चोळून काढतात, दुसऱ्या कशानेही मी निघत नाही. बर्थाने ती बाटली रिकामी केली आणि फडक्याने पुसली. फडकंही तेच, पाय पुसायचं. एवढ्यावर ती थांबली नाही. सरकारी ठिकाणी जाणार, अंगाला वाळू बरी दिसत नाही, म्हणून तिने पाठमोऱ्या मॅडमच्या नकळत मला खोबरेल लावून चोळून चकचकीत केलं. मला आजवर कोणी अंघोळ घातली नव्हती. मला रडू येण्यासारखं झालं आणि सत्यानाश होतो आहे हेही कळत होतं.

माझा अर्धा भाग बाटलीत गेला. अर्धा बर्थाने हात पुसताना 'कॅथरिन'च्या तळाला लागला आणि तिथेच चिकटून राहिला. तोच तुमच्याशी बोलतो आहे.

बंदी उठली. बाकीच्या बोटी फुलं, नारळ, फटाके करून गेल्या. 'कॅथरिन'चे खलाशी रोज येऊन बोटीकडे बघत आणि रोज एक खलाशी कमी येई. क्लेमेंटीन तेच जाळं उसवून पुन्हा विणत होती. बोटीवरून हात फिरवताना तिचा हात माझ्यावर आला, की ती तो काढून घेई. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

शेवटचा एकच खलाशी येऊ लागला, तेव्हा अहवाल आला. मॅडमनी तो उभ्यानेच वाचला, मग बसून वाचला.

"मावशी, नमुन्यात मुख्यतः खोबरेल तेल सापडलं आहे."

बर्था आभाळाकडे बघू लागली.

"नमुना तुमच्या बोटीच्या डिझेलशी जुळत नाही. त्यामुळे बोटीवरचा संशय रद्द."

"आनि जहाज?"

"खोबरेल वाहून नेणारं एखादं जहाज त्या सुमारास इथून गेलं का, याची चौकशी वरून सुरू झाली आहे," मॅडम म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत. म्हणजे तोंडाने हसल्या नाहीत.

अशी क्लेमेंटीनची बोट सुटली. हे मी आधी सांगितलेलं नाही. खलाशी दोन परत आले, बाकीचे दुसरीकडे चढले होते. जागा भरायला क्लेमेंटीन स्वतः बोटीत चढली. बोट सुटली ती खऱ्यामुळे नव्हे, बर्थाच्या फडक्यामुळे. माझ्यापाशी खरं होतं, आणि माझा काहीही उपयोग झाला नाही.

बोट लोटताना क्लेमेंटीनचा पाय एका गोळ्यावर पडला. माझा भाऊ. आदल्या भरतीला बरेच आले होते. तिने लंगडत येऊन दाराशी बसून टाच खोबरेलाने पुसली, मग बोटीच्या तळाशी माझ्याकडे बोट दाखवलं.

"बर्था, कोनाचा गं हा?"

"आपलाच म्हन आता. एवढे दिस ऱ्हायला. घालवायचा कोनाकडं?"

क्लेमेंटीन हसली आणि मला तसंच ठेवून बोटीत चढली. मित्रांनो, मला चोर म्हटलेलं मी सोसलं. घरचा म्हटलेलं सोसवत नाही. ज्यांचं मी काहीच लागत नाही त्यांनी मला पदरात घेतलं, आणि ज्यांचा मी आहे ते अजून समुद्रात कुठेतरी झडप उघडत आहेत.

सबब, संबंधितांस विनंती अर्ज करतो की, माझ्या जन्मदाखल्यावरील 'वडिलांचे नाव' या रकान्यात जहाजाचे नाव नोंदवावे. जहाज न सापडल्यास झेंड्याच्या देशाने, त्यास समुद्र असो वा नसो, स्वतःची बोट पाठवून मला व माझ्या सर्व भावंडांना स्वखर्चाने घरी न्यावे. कागदोपत्री मी टाकीतच असल्याने प्रवासास अडचण येऊ नये. नेताना आधी खोबरेल लावावे, अन्यथा मी निघणार नाही. तसेच तोपर्यंत श्रीमती क्लेमेंटीन यांनी मला आपला म्हणू नये, असा लेखी आदेश त्यांना बजावण्यात यावा.

कळावे.
अर्जदार,
'कॅथरिन'च्या तळाचा अर्धा