उघड्यावर नाही, आत

आमच्या घरामागे वॉर्ड ऑफिसचा एक रिकामा प्लॉट आहे. रिकामा म्हणजे सरकारी अर्थाने रिकामा. त्यात सगळ्या वॉर्डाचा कचरा येतो, त्यातून प्लास्टिक वेगळं काढलं जातं आणि वेगळं काढलेलं प्लास्टिक रोज संध्याकाळी जाळतात. कचरा वेगळा करावा, हे आम्हाला शाळेत शिकवलं होतं. वेगळा केला की नीट पेटतो, हे पुस्तकात नव्हतं.

तो धूर आधी गोडसर लागतो. मग जळका स्विचबोर्ड चाटल्यासारखी चव येते. मग घशात काहीतरी तेलकट येऊन बसतं, जे थुंकता येत नाही आणि गिळवत नाही. दोरीवर वाळत घातलेल्या लंगोटांवर काळे धागे पडतात. झटकायला जावं तर चिरडलेल्या डासासारखे पसरतात. आई दुधावर ताटली झाकते, तरी सायीवर काळं काहीतरी तरंगतंच. ‘जिरं असेल,’ असं मी एकदा म्हणालो. दुधात जिरं कुठून आलं, हे विचारायचंही त्राण घरात कुणाला उरलेलं नव्हतं.

लंगोट ताईच्या मुलीचे. तिचं नाव मी शिट्टी ठेवलं, कारण श्वास घेताना तिच्या छातीतून बारीक शिट्टी वाजायची आणि मला वाटलं, भाची कलावंत निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कलावंत नाही, आजारी आहे. एकतर त्या खोलीतून धूर गेला पाहिजे, नाहीतर मूल. मूल जायचं म्हणजे ताईने भाऊजींकडे जायचं. भाऊजी दगडाच्या खाणीवर मुकाट्याने नोकरी करतात आणि कामगारांच्या बराकीत राहतात. तिथे धूर अजिबात नाही. तिथे धूळ आहे.

“महिनाअखेरपर्यंत बघते,” ताई म्हणाली. “नाही थांबलं तर जाते.”

तेव्हापासून शिट्टी रडत नसली तरी आई तिला उचलून घ्यायला लागली.

मी फ्लेक्स छापायच्या दुकानात कामाला आहे. वाढदिवस, निवड, श्रद्धांजली. पुष्कळदा फोटो तोच असतो, फक्त मजकूर बदलत जातो. एके दिवशी वॉर्ड ऑफिसचे निरीक्षक दुकानात आले आणि खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाले, “लिही. उघड्यावर प्लास्टिक जाळण्यास सक्त मनाई आहे. हुकमावरून.”

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. मी कीबोर्डवर पडलो.

“साहेब, ‘सक्त’ मोठं करू?”

“कर.”

“लाल?”

“लालच. आणि ज्वाळा काढ, तिच्यावर फुली मार. पण ज्वाळा ज्वाळेसारखी दिसू दे. मागच्या वेळी गाजर दिसत होतं. लोकांनी फोन करून विचारलं, गाजरं का बंद केली.”

मी अशी ज्वाळा काढली की बघणाऱ्याला चटका बसावा. बोर्ड वॉर्डभर लागले. प्लास्टिक जाळू नका हे सांगायला एवढं प्लास्टिक लागलं, याकडे मी तेव्हा दुर्लक्ष केलं. आनंदात माणूस बारकावे बघत नाही.

प्लॉटवरच्या मुकादमाने मात्र बारकावे बघितले. मुकादम म्हणजे तिथला मुख्य माणूस. कचऱ्याच्या गाड्या, माणसं आणि काडेपेटी त्याच्या ताब्यात. हात पाठीमागे बांधून तो बोर्डापुढे उभा राहिला आणि देवळात उभं राहावं तसा बराच वेळ उभाच राहिला. त्या संध्याकाळी त्याने काही पेटवलं नाही. ताईने खिडकी उघडली. शिट्टी लवकर झोपली आणि तिच्या श्वासाचा आवाज येत नाही म्हणून आम्ही सगळे घाबरून तिच्याभोवती जमलो.

सकाळी प्लॉटवर पत्रे आले. चार भिंती, वर छप्पर, पुढे दार, दाराला कडी. छपरातून मोरीचा जुना पाइप वर काढलेला. त्याचं तोंड आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीच्या बरोबर समोर, इतकं बरोबर की हात लांब केला असता तर मी त्याचं नाक पुसू शकलो असतो.

मी धावत खाली गेलो. “मुकादम, हे काय?”

“नियम,” मुकादम म्हणाला. “उघड्यावर जाळायचं नाही. आता आत जाळतो. दार लावून घेतो, कडीसुद्धा घालतो. काय आर्टिस्ट, तूच छापलंस ना?”

“अहो, पण धूर बाहेरच येणार ना!”

“धुराचं तुझ्या बोर्डावर काही नाही. मी दोनदा वाचला.”

“आणि पाइप आमच्या खिडकीत सोडलाय तुम्ही!”

“मग काय रस्त्यावर सोडू? लोकांना त्रास होईल.”

निरीक्षक तपासणीला आले. त्यांनी शेडचं दार उघडलं. आतून जो काही भपकारा आला, त्याने त्यांची पापणी मिटायचं विसरली. खाली दुधाच्या पिशव्या, सलाइनच्या नळ्या आणि बाळांचे वापरलेले डायपर एकमेकांत वितळून पिवळट लापशीसारखे रटरटत होते, आणि वरून पेटते थेंब झिप्‌ झिप्‌ करत पडत होते. साहेबांनी दार लावलं, बाजूला जाऊन ओकले, तोंड पुसलं आणि म्हणाले, “बंदिस्त आहे.”

“म्हणजे?” मी विचारलं.

“म्हणजे उघड्यावर नाही. उत्तम काम. बाकीच्या वॉर्डांनी बघून जावं असं.”

मग बाकीच्या वॉर्डांनी बघून जावं म्हणून उद्घाटन झालं. बॅनर माझ्याकडेच आला: ‘बंदिस्त ज्वलन कक्षाचे उद्घाटन’. कार्यक्रम संपल्यावर मुकादमाने तो बॅनर काढला, घडी घातली आणि पहिल्याच घाण्यात आत सरकवला.

पूर्वी धूर सगळ्या वस्तीत वाटला जायचा. आता तो एकट्या आमच्या घरी पोहोचता होऊ लागला. खिडकी लावली तरी फटीतून यायचा. उशीला वास, पोळीला वास, आईच्या केसांना वास. सकाळी मी चूळ भरली की बेसिनमध्ये काळी माशी पडल्यासारखं दिसायचं, आणि ती माझ्यातून आलेली असायची. शिट्टीच्या छातीत एका सुराचे दोन झाले. वाफेचं मशीन आणलं. त्याचा मास्क तोंडाला लावला की ती आमच्याकडे अशी बघायची, जणू धूर आम्हीच करतोय.

ताईने कपाटावरची सुटकेस खाली काढली आणि ओल्या फडक्याने पुसली. फडकं पिळलं तर शाई निघाली.

अशात निरीक्षक पुन्हा दुकानात आले. नवे मोठे साहेब आले होते, म्हणून सगळे बोर्ड नव्याने लावायचे होते. “मजकूर तोच, फोटो नवा.”

मी फोटो टाकला. फोटो मोठा होता. जागा कमी पडत होती. म्हणून मी एक शब्द काढला. कुणी विचारलं असतं तर हेच सांगणार होतो. शब्द होता ‘उघड्यावर’.

बोर्ड न्यायला आलेल्या निरीक्षकांनी तो नीट निरखला. “केस आणखी काळे कर,” ते म्हणाले. मी काळे केले. काळ्या रंगाची मला आता सवय होती.

‘प्लास्टिक जाळण्यास सक्त मनाई आहे. हुकमावरून.’ मुकादम पुन्हा हात बांधून पुढे उभा राहिला. मी मुद्दाम तिथूनच चाललो होतो.

“आर्टिस्ट, एक शब्द गळलाय.”

“नियम बदललाय.”

“कधी?”

“बोर्डावर आलाय म्हणजे बदललाच असेल ना.”

मुकादमाने मान डोलावली. तो नियमाचा माणूस होता. त्याने शेडला कुलूप घातलं, आणि दुसऱ्या दिवसापासून प्लास्टिक पोत्यांत भरून ट्रकने कुठल्याशा कारखान्यात जायला लागलं. तिथे ते धुऊन, दळून त्याचे दाणे करतात. असा कारखाना आहे हे मुकादमाला पहिल्यापासून माहीत होतं.

“मग आधी का नाही पाठवलंत?”

“आधी जाळायला चालत होतं.”

निरीक्षकसुद्धा येताजाता लोकांना नवा नियम ऐकवू लागले. मूळ हुकूम कुणी वाचलेलाच नव्हता. सगळे माझा बोर्ड वाचत होते. मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की मी सरकार आहे. खिडकी उघडी राहू लागली. लंगोट पांढरे वाळले. शिट्टीचा एक सूर गेला, मग दुसराही इतका बारीक झाला की कान लावावा लागे. ताईने सुटकेस पुन्हा कपाटावर टाकली. आई म्हणाली, “नीट आत सरकव, दिसायला नको.”

मग मोठे साहेब आपल्या फोटोखाली उभं राहून फोटो काढायला आले. दुर्दैवाने ते वाचणारे निघाले.

निरीक्षक दुकानात शिरले ते ओरडतच. “तू मला मामा बनवलंस!”

“साहेब, मामा मी आहे,” मी म्हणालो. “तुमची चिमणी ज्या खिडकीत होती, तिथे माझी भाची झोपते.”

“भाचीचं नियमात काही नाही! नियमात ‘उघड्यावर’ आहे. तू काढलास कसा?”

“साहेबांचे केस मावत नव्हते.”

“शब्द परत घाल. आत्ता.”

“राहू द्या ना साहेब. धूर बंद झालाय. कुणाचं काय बिघडलंय?”

“चूक ती चूक. आज तू ‘उघड्यावर’ काढलास, उद्या कुणी ‘सक्त’ काढेल. मग आम्ही काय करायचं?”

“मी नाही छापणार,” मी म्हणालो. आवाज हवा तेवढा भारदस्त निघाला नाही. घशात अजून जुनं तेलकट होतं.

तर मालकांनी स्वतः छापलं. ‘उघड्यवर’ असं छापलं. ती चूक कुणाला दिसली नाही.

मी प्लॉटवर पोहोचलो तेव्हा माझ्या बोर्डांचा ढीग शेडपुढे पडला होता आणि कुलूप निघालं होतं. मुकादम एकेक बोर्ड गुंडाळून आत सारत होता.

“मुकादम, यावर काय लिहिलंय ते तरी बघा!”

“म्हणून तर आधी उतरवले,” तो शांतपणे म्हणाला. “लावलेले असताना जाळता येत नव्हते. नियम होता. उतरवले, नियम संपला.”

दारातून मला दिसत होतं. ‘सक्त’ आधी आक्रसलं. मग साहेबांच्या केसांना फोड आले, फुगले, फुटले आणि त्यातून पू यावा तसा पांढरा रस कपाळावर ओघळला. माझी ज्वाळा पेटली. ती अजिबात गाजरासारखी दिसत नव्हती. मला मळमळलं, आणि मळमळताना श्वास घ्यावा लागतो ही किती वाईट सोय आहे, हे लक्षात आलं.

ढिगातला शेवटचा बोर्ड मी ओढून घेतला.

“ने, ने,” मुकादम म्हणाला. “एकाने काय फरक पडतो.”

घरी येऊन मी तो बोर्ड खिडकीवर खिळे ठोकून बसवला, अक्षरं आतल्या बाजूला. धूर बराच अडला. नियमाने धूर अडवलेला मी प्रथमच बघत होतो. शिट्टी पाळण्यातून मोठ्या साहेबांकडे बघून हसली.

ताई जवळ आली. बोर्डाला नाक लावून तिने हुंगलं. खोली तापली होती, फ्लेक्स तापलं होतं.

“मामा,” ती मला म्हणाली. मुलगी झाल्यापासून ती मला मामाच म्हणते. “यालाही तोच वास येतोय रे.”

मी हुंगलं. येत होता. फक्त अजून जळायचा बाकी होता.

ताईने सुटकेस खाली काढली. आई स्वयंपाकघरात गेली आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला लागली.

सकाळी मी सुटकेस घेऊन पुढे, मागे ताई, तिच्या खांद्यावर शिट्टी, शिट्टीच्या छातीत दोन्ही सूर. प्लॉटच्या फाटकाशी मुकादम उभा होता. आम्हाला बघून त्याने वाटेतली पोती पायाने बाजूला सारली, जवळ आला आणि दुपट्याचं टोक अगदी हलक्या हाताने पोरीच्या नाकावर ओढलं.

“बाळाला जपून न्या, ताई,” तो म्हणाला. “इथे धूर फार असतो.”