सगळ्यात शांत अ‍ॅम्प

मास्तर त्या दुपारी दुकानात शिरले ते गिटारचा आवाज मोठा करणारा नवा अ‍ॅम्प घ्यायला, असं लेकीला वाटत होतं. दुकानदारालाही तसंच वाटत होतं. प्रत्यक्षात मास्तर आले होते आपलं पितळ झाकायला, आणि तेही नेमकं लेकीपासून, जी गिटारची पेटी खांद्याला लावून त्यांच्या शेजारीच उभी होती. आता काय बोलायचं अशा माणसाला?

मास्तर म्हणजे गिटारचे मास्तर. अर्ध्या गावाला त्यांनी सूर धरायला शिकवलं. आठवड्यातून एकदा एका खानावळीच्या माडीवर ते जॅझ वाजवायचे. ते गिटारवर, लेक तिच्या डोक्याहून उंच अशा, खर्जात घुमणाऱ्या बासवर आणि मागे एक जुना मित्र ड्रमवर. वर्षभरापूर्वी कानाच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की वरच्या पट्टीचे आवाज गेले. जाड, खालचे आवाज शाबूत आहेत, पण चमच्याची किणकिण, वाफेची शिट्टी, तार छेडायची पिक तारेवर आपटतानाची बारीक टकटक, हे सगळं गेलं आणि ते काही परत यायचं नाही. मास्तरांनी पैसे चुकते केले, घरी आले आणि मूग गिळून बसले. बायकोला नाही सांगितलं, ड्रमवाल्याला नाही, आणि लेकीला तर मुळीच नाही. कारण लेकीची एक मैत्रीण गिटार वाजवायची, सुरेख वाजवायची, आणि तिला वाजवायला कुठल्याच बँडमध्ये जागा मिळत नव्हती. मास्तरांची खुर्ची रिकामी व्हायचा अवकाश होता.

नवा अ‍ॅम्प घ्यायचं उघड कारण अगदी चोख होतं. जुना अ‍ॅम्प जुन्या रेडिओसारखा काचेच्या व्हॉल्व्हचा, वजनाला म्हणजे नुसता दगड. माडीचा जिना चढताना मास्तरांची कंबर धरली आणि दोन आठवडे ते घरात वाकूनच फिरले. "बाबा, आता हलका घे. एका हातात उचलता येईल असा," लेक म्हणाली. तिच्या बोलण्यात घाई होती. ती कसली, हे मास्तरांनी विचारलं नाही. स्वतःच्या पोटात गोळा असला की माणूस दुसऱ्याच्या पोटात डोकावत नाही.

"काय वाजवता मास्तर? रॉक की काय?" दुकानदाराने थट्टा केली. तो त्यांचाच जुना शिष्य. ओठांवर मिशी फुटायच्या आधीपासूनचा.

"माझ्या वयाला शोभेल असं बोल. स्वच्छ आवाज हवाय. फाटायला नको, खरखरायला नको. एकेक सूर कसा धुऊन वाळत घातल्यासारखा."

"म्हणजे आवाज वाढवला तरी न चिरकणारा. आणि उचलायला हलका. दोन्ही एकत्र मागता तुम्ही."

"तू कसला दुकानदार मग?"

असं हसतखेळत सुरू झालं. मास्तरांनी घरून बेत आखून आणला होता. कानाचं काम डोळ्यांनी करायचं. बटनं मधोमध ठेवायची, ओळखीचे कॉर्ड वाजवायचे आणि लेकीच्या तोंडाकडे बघायचं. तिच्या कपाळाला आठी पडली की आपण नाक मुरडायचं, तिने मान हलवली की आपण वा म्हणायचं. लबाडी आहे, पण कुणाच्या खिशात तर हात घालत नाही ना, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती.

पहिला अ‍ॅम्प डबा होता. खरंच, जेवणाच्या डब्याएवढा, बॅटरीवर चालणारा. मास्तरांनी जाड तार छेडली आणि लेकीने आठी घातली. "पोकळ आहे," मास्तर म्हणाले. "बासच्या शेजारी ह्याचा टिकाव लागायचा नाही."

"बरोबर," दुकानदार म्हणाला. "स्पीकर लहान आहे. खालचा सूर त्याला पेलत नाही."

दुसरा जरा मोठा, लाकडी खोक्याचा. लेकीने काहीच केलं नाही. ना आठी, ना मान. ती खाली बघत होती. मास्तरांची पंचाईत झाली. त्यांना तो आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा वाटला, म्हणून त्यांनी हात लांब करून ट्रेबलचं, म्हणजे वरच्या सुरांचं बटन वर नेलं. अजून गोधडीच. आणखी वर नेलं. दुकानदाराने मान बाजूला फिरवली, कुणी डोळ्यांवर बॅटरी मारल्यासारखी. मास्तरांना ते दिसलं, पण त्यांनी कानाडोळा केला.

"तिसरा दाखव," ते म्हणाले.

तिसरा अ‍ॅम्प दुकानदाराने जरा नाखुशीनेच काढला. दिसायला देखणा, काळा, पुढे जाळी, वजनाला अगदी फूल. त्याने तो चालू केला, आवाज चढवला, आणि तो काही सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात मास्तरांनी हात वर करून त्याला थांबवलं. गिटारला हात न लावता ते क्षणभर अ‍ॅम्पसमोर उभे राहिले. हे ते पूर्वीपासून करायचे. न वाजवता अ‍ॅम्प ऐकायचा. चांगला अ‍ॅम्प रिकामा असताना गप्प बसतो, वाईट अ‍ॅम्प कुरकुरत राहतो. शिष्यांना त्यांनी शिकवलेला हा पहिला धडा.

"बघ," ते लेकीला म्हणाले, आणि खूप दिवसांनी त्यांच्या आवाजात जोर आला. "ह्याला म्हणतात शांत. चढवलाय तरी हूं नाही की चूं नाही. इतका शांत अ‍ॅम्प मी जन्मात पाहिला नाही. हाच घेऊ."



मास्तरांनी मान वर केली. दुकानदार अ‍ॅम्पकडे बघत होता, लेक दुकानदाराकडे. दुकानदाराचं तोंड अर्धवट उघडं होतं आणि लेकीने हाताने त्याला गप्प राहायची खूण केली. खूण छोटीशीच होती, पण मास्तरांचे डोळे काही अधू नव्हते.

"तुम्ही जरा बाहेर थांबाल का?" लेक दुकानदाराला म्हणाली. तो गेला, आणि जाताना त्याने दार हळूच लावून घेतलं. मास्तरांच्या मनात आलं, एवढ्या हळू दार माणसं आजाऱ्याच्या खोलीचं लावतात.

"बाबा, हा अ‍ॅम्प सूं करतोय," लेक म्हणाली. "चालू केल्यापासून. शेजारच्या घरात ऐकू जाईल एवढा."

"थोडंफार करणारच. मशीन आहे ते."

"बाबा."

"दुकानात आवाज असतो बाहेरचा. पंखा आहे वर. मी काय म्हणतो..." ते स्टुलावर बसले. गिटार मांडीवर आली, सवयीने.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"वर्ष झालं."

"आईला माहीत आहे?"

"नाही."

"आणि मी दर आठवड्याला तुझ्या शेजारी उभी राहते ती? मला पण नाही सांगावंसं वाटलं?"

"तुला सांगितलं असतं तर तू तुझ्या मैत्रिणीला बोलावलं असतंस."

मास्तरांना वाटलं, ती चटकन म्हणेल, काहीतरीच काय बाबा. ती म्हणाली नाही. अ‍ॅम्पच्या जाळीवरून ती बोट फिरवत राहिली. भयंकर वाईट वाटलं त्यांना. रागही आला, आणि राग कुणावर काढावा ते कळेना.

"खानावळीचा मालक दोन महिने माझ्या मागे लागलाय," ती शेवटी म्हणाली. "म्हणतो, गिटार कानाला टोचते, जवळच्या टेबलावरची माणसं उठून लांब बसतात. मी त्याला सांगत आले की अ‍ॅम्प जुना झालाय, नवा घेतोय. मलाही तेच वाटत होतं. म्हणजे वाटून घेत होते. देव पाण्यात घालून बसले होते मी, की अ‍ॅम्पच बिघडलेला निघू दे."

माडीवरही सूर गोधडीत वाटला की मास्तर ट्रेबल चढवत आले होते, आणि मनातल्या मनात दोष जुन्या अ‍ॅम्पलाच देत होते. म्हणजे दोघंही एकाच आशेवर ह्या दुकानात आली होती. सगळा दोष त्या बिचाऱ्या खोक्यावर ढकलून मोकळं व्हायचं.

लेकीने डोळे पुसले आणि काळा अ‍ॅम्प बंद केला. दुसरा, लाकडी, पुढे ओढला. ट्रेबल खाली आणलं, पार खाली, मग केसभर वर. खालच्या सुरांचं बटनही जरा कमी केलं. आवाज बेताचा ठेवला. प्रत्येक बटन फिरवताना ती मान वाकडी करून ऐकत होती. असंच ऐकायला मास्तरांनी तिला शिकवलं होतं.

"वाजव," ती म्हणाली.

त्यांनी एक संथ चाल धरली. त्यांच्या कानाला ती झाकण लावलेल्या भांड्यातून यावी तशी येत होती. सूर होते, पण त्यांना कडाच नव्हत्या. हात आपोआप बटनाकडे गेला. लेकीने बटनांवर तळवा ठेवला आणि तो तसाच राहू दिला. मास्तर वाजवत राहिले. बोटांना सगळं पाठ होतं, बोटांनी दगा दिला नाही. लेकीने डोळे मिटले. चाल संपली तरी तिने ते बराच वेळ उघडले नाहीत.

"कसा आहे?"

"सुंदर. बाबा, किती सुंदर."

"खरं?"

"खरं."

मास्तरांनी तिच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. ती खरं बोलत असेल. बापाला धीर द्यायला खोटंही बोलत असेल. आपलं वाजवणं कसं आहे, हे आजवर त्यांना कधी कुणाला विचारावं लागलं नव्हतं.

"हाच घेऊ," ते म्हणाले. "बटनं तू लावायची. मी हात लावणार नाही."

ती मानेनेच हो म्हणाली आणि वायर गुंडाळायला खाली वाकली.

"एक सांग मला," मास्तर तिच्या पाठीकडे बघत म्हणाले. "ज्या दिवशी हे सुंदर वाटणार नाही, त्या दिवशी स्पष्ट सांगशील ना? मैत्रिणीला बोलवायच्या आधी मला सांगशील?"

वायर गुंडाळता गुंडाळता ती थांबली. पाठमोरीच, हळू आवाजात ती काहीतरी बोलली. तिचे खांदे हलले, एवढं मास्तरांना दिसलं. ती काय बोलली ते त्यांना ऐकू आलं नाही, आणि त्यांनी पुन्हा विचारलंही नाही.