एवारिस्तोची साक्ष

उबाल्दो ताबिलो दारूला शिवत नसे. बाप पिऊन खाणीच्या विहिरीत पडला तेव्हा तो अकरा वर्षांचा होता, आणि बापाला दोरानं वर ओढणाऱ्यांत त्याचेही हात होते. बोडक्या डोंगरावरच्या त्या लहानशा खाणीत शनिवारी दुपारी काम सुटलं की बहुतेक सगळे पीत बसत. उबाल्दो तेवढा घरी जाई. लोक त्याला 'पाद्रीबुवा' म्हणून चिडवायचे, आणि तोही हसून सोडून द्यायचा.

चिलीच्या उत्तरेकडचे ते डोंगर कोरडे ठणठणीत. दगडात मात्र हिंगूळ आणि सोनं दोन्ही होतं. हिंगूळ भट्टीत भाजून पारा काढायचा, उरलेला दगड दळायचा आणि त्याच पाऱ्यानं त्यातलं सोनं धरायचं. उबाल्दो सात वर्षं भट्टीवर होता. धुराच्या नळांना चिरा गेल्या होत्या. माती लिंपली की चार दिवस टिके, मग पुन्हा पाऱ्याची विषारी वाफ बाहेर.

आधी उबाल्दोच्या हिरड्या सुजल्या, दात हलू लागले. मग हात थरथरायला लागले. जीभ जड झाली. कधी आवाज न चढवणारा माणूस एकदा मिठावरून लेकीवर असा ओरडला की नेलिदा दोन दिवस त्याच्या जवळ आली नाही. मला वर दगड निवडायला पाठवा आणि नळ बदला, एवढंच त्यानं मालकाकडे मागितलं होतं. मालक वर्षभर 'बघू' म्हणत राहिला. शेवटी बायकोनं, झुनिल्दानं, शाळेच्या बाईंकडून शहरातल्या मजूर कचेरीला पत्र लिहून घेतलं, आणि चौकशीला साहेब येणार असल्याचा निरोप आला.

साहेब बरोबरीच्या एखाद्या कामगाराची साक्ष घेणार होता. उबाल्दोला विचार करावा लागला नाही. एवारिस्तो कोदोसेओ त्याचा पोरपणापासूनचा सोबती, सोन्याच्या गिरणीवर कामाला, आणि नेलिदाचा धर्मबाप. बाप्तिस्म्याला पोरीला त्यानंच हातात धरलं होतं.

"तू बोलूच नकोस," एवारिस्तो म्हणाला होता. "तुझी जीभ अडखळते. मी आहे ना, सगळं सांगतो."

साहेब आला त्या सकाळी एवारिस्तो दाढी करून, टोपी हातात धरून मालकाच्या खोलीत उभा होता. उबाल्दोकडे त्यानं पाहिलं नाही. भट्टीत काही दोष नाही, नळ ठीक आहेत, असं त्यानं सांगितलं. मग हात का थरथरतात, असं साहेबानं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, दारूनं.

"तुम्ही स्वतः पाहिलंय?"

"पाहिलंय म्हणजे? मीच उचलून घरी नेलाय त्याला, साहेब. सान हुआनच्या सणाला कोरड्या ओढ्यात पडला होता. एका पायात बूट नव्हता. बायकोला दिसू नये म्हणून शेळ्यांच्या वाडग्यातून मागच्या दारानं नेला. वाटभर आईचं नाव घेऊन रडत होता."

उबाल्दोला तो ओढा आठवला, वाडगं आठवलं, तो बूटही आठवला. सगळं तसंच घडलं होतं. फक्त ओढ्यात पडला होता एवारिस्तो, आणि त्याला पाठीवर घेऊन चालला होता उबाल्दो. गड्याची लाज झाकावी म्हणून दोन वर्षं त्यानं ही गोष्ट झुनिल्दालाही सांगितली नव्हती. आता त्याच्या बाजूनं सांगणारं कुणी नव्हतं.

"तो... तो मी..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं. ओठांच्या कडेनं लाळ आली. साहेब तसा वाईट नव्हता. त्यानं शांतपणे कागद पुढे सरकवून सही करायला सांगितलं. टाकाच्या टोकानं कागद फाटला. साहेबानं त्या फाटक्या कागदाकडे पाहिलं, मालकाकडे पाहिलं आणि वही मिटली.

घरी आल्यावर उबाल्दोनं झुनिल्दाला अडखळत सगळं सांगितलं.

"दोन वर्षं पोटात ठेवलंस," ती म्हणाली. "कुणाचं भलं झालं?"

काम सुटलं, रविवारपर्यंत खाणीची खोली रिकामी करा, असा मालकाचा हुकूम आला. एवारिस्तोला गिरणीच्या धुळीतून काढून कोठारावर नेमलं होतं. शनिवारी दुपारी सामान बांधणं चाललं असताना तो आला आणि दाराबाहेरच उभा राहिला. आत ये, असं त्याला कुणी म्हटलं नाही.

"भट्टी बंद पडली असती, उबाल्दो. माझी पाच पोरं आहेत."

"मग भट्टी चांगली आहे, एवढंच सांगायचंस." त्या दिवशी उबाल्दोची जीभ बरी चालत होती. "मी पितो असं का म्हणालास?"

"मालकाला तेच हवं होतं."

"आणि तो ओढा? तोही मालकानंच सांगितला?"

"मला रचून बोलता येत नाही," एवारिस्तो म्हणाला. "जे आठवलं ते सांगितलं."

उबाल्दोनं पेटीची दोरी ओढली. ती बसेना, तेव्हा झुनिल्दानं त्याच्या हातून घेऊन गाठ मारली. एवारिस्तो केव्हा गेला ते दोघांनीही पाहिलं नाही.

खाली खोऱ्यात झुनिल्दाच्या बहिणीच्या शेळ्या होत्या. तिथल्या हवेत उबाल्दोचे हात थोडे सावरले. दात मात्र गेले. डोंगरावरची बातमी त्याच्या आधीच तिथे पोचली होती. दुकानात पिठाची पुडी हातातून सांडली की लोक एकमेकांकडे पाहून हसत. "सकाळीच का, बाबा?" असं एकानं विचारलंसुद्धा. उबाल्दो पीठ गोळा करत राहिला.

दुसऱ्या वर्षी नेलिदाचं पहिलं कम्युनियन आलं, चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घेण्याचा दिवस. खाणीच्या मालमोटारीबरोबर एवारिस्तोनं तिच्यासाठी पांढरा झगा पाठवला. झुनिल्दा तो चुलीत घालायला निघाली होती. पण पोरीनं तो आधीच अंगाशी धरून पाहिला होता, आणि तिच्याकडे दुसरा झगा नव्हता.

पाठीवर बारीक बारीक गुंड्या होत्या. उबाल्दोनं वरची एक लावायला घेतली, ती पुन्हा पुन्हा निसटली, मग तो बाजूला झाला.

"धर्मबाप येणार ना?" नेलिदानं विचारलं.

झुनिल्दानं नवऱ्याकडे पाहिलं आणि ती गुंड्या लावू लागली.

"त्याला लांब पडतं गं," उबाल्दो म्हणाला. पोरीला ते खरं वाटलं.