तीन ठिपक्यांची हत्यारं

मोहनरावांच्या ट्रकचं पुढचं चाक डुगडुगायला लागलं तेव्हा बघणारे सगळे हसले. ट्रक हातभर लांबीचा, रिमोटवर चालणारा. आणि मोहनराव मात्र उसाच्या फडाला आग लागल्यासारखे त्याच्यामागं धावत होते.

सत्त्याण्णव सालचा मे महिना होता. उजनीचं पाणी मागं हटलं होतं, पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडलं होतं आणि त्याच्या समोरच्या भेगाळलेल्या गाळात असे पाचसहा ट्रक खड्ड्यांतून, दगडांवरून चढत-उतरत होते. चालवणारे सगळे पोराबाळांचे बाप. मोहनराव पळसदेवचे बागायतदार. त्यांच्या मेव्हण्यानं दुबईहून पहिला ट्रक पाठवला आणि मग हे वेड इंदापूरच्या कापडवाल्या हिंदुरावांपासून बारामतीच्या दातांच्या डॉक्टरांपर्यंत पोचलं. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते खरंच. पण हौसेला हत्यारं लागतात. आणि बारीक हत्यारं म्हटलं की बारामतीपासून इंदापूरपर्यंत एकच नाव घेतलं जाई, रसूल.

रसूल देवळाच्या सावलीत हत्यारांची चामड्याची गुंडाळी मांडीवर घेऊन बसला होता. बारामतीत भिगवण रोडला त्याचं डिझेल इंजिनाचं नोझल दुरुस्त करायचं दुकान होतं. केसाएवढ्या भोकाचं काम, त्यामुळं बारीक हत्याराची पारख त्याला पोटासाठीच शिकावी लागली होती. चाक डुगडुगताना दिसलं तसा तो उठला. मोहनरावांनी त्याला हातानंच बसवलं. तुमचंच हत्यार माझ्यापाशी आहे म्हणाले, आणि खिशातून बाभळीच्या मुठीची ऍलन की काढली. मुठीवर पितळी कडी, कडीवर तीन ठिपके.

की स्क्रूत गेली. मोहनरावांनी पिळली, तर की फिरली आणि स्क्रू जागचा हलला नाही. त्यांनी आणखी जोर लावला. स्क्रूचा सहाकोनी खड्डा आतून खरवडून गोल झाला. आता तो स्क्रू छिन्नीशिवाय निघणार नव्हता. ट्रक शर्यतीतून बाद झाला.

"रसूलभाई," मोहनराव सगळ्यांच्या देखत म्हणाले, "तुमच्या ठिपक्यांवरबी आता भरवसा ठिवायचा न्हाय व्हय?"

रसूलनं की हातात घेऊन उन्हाकडं धरली. कडा चघळल्यासारख्या झाल्या होत्या. असलं मऊ पोलाद त्यानं जन्मात विकत घेतलं नसतं. मग त्यानं कडी फिरवून ठिपके पाहिले. तिसरा ठिपका जरा खाली उतरलेला होता. ठिपके मारायच्या त्याच्या स्वतःच्या पंचाचा तो जन्मजात दोष होता आणि कुणाला ठरवूनही त्याची नक्कल जमली नसती.

"ठिपकं माझंच हायती," तो म्हणाला.

विचारल्यावर कळलं, दिवाळीच्या सुमाराला आबाजीनं हिंदुरावांच्या दुकानात असे नग आणून दिले होते. रसूलची हत्यारं म्हणून सगळ्यांनी डोळे झाकून घेतली.

आबाजी म्हणजे रसूलचा भागीदार. कऱ्हाटीचा. वीस वर्षं दोघं एका छपराखाली, एक नोझलवर आणि दुसरा लेथवर. रसूलच्या हत्यारांच्या मुठी आणि कड्या आबाजीच कातून द्यायचा. पोलाद निवडायचं काम तेवढं रसूलचं. त्यासाठी तो बुधवारी एसटीनं पुण्याच्या जुन्या बाजारात जायचा, तिसांतून दोन नग उचलायचा आणि बाकीचे विकणाऱ्याच्या शिव्यांसकट परत ठेवायचा. एकदा एक दुकानदार वैतागून म्हणाला, मामा, पोरगी बघायला आलाय का? रसूल म्हणाला, "पोरीला बोलता तरी येतं. ह्याला बोलतं करावं लागतं."

बोलतं करायच्या त्याच्या तीन रीती होत्या. आधी डोळा. कड उजेडात धरायची, ती धारेसारखी सरळ दिसली पाहिजे. मग कानस. बारीक कानस फिरवायची. घसरली तर पोलाद कडक, चावली तर मऊ. शेवटी स्क्रू. की स्क्रूत बसवून उलटी धरायची, स्क्रू गळून पडला नाही पाहिजे. जपानी ट्रकांच्या फुलीच्या स्क्रूंना आपला साधा डिसमिस म्हणजे स्क्रूड्रायव्हर चालत नाही, तो खाचेतून वर चढतो आणि स्क्रूचं डोकं खातो, हेही त्यानं आपलं आपणच हुडकून काढलं होतं. मग तो डिसमिसाचं टोक घासून बेतात आणायचा. तिन्ही परीक्षांत उतरलेल्या हत्याराच्या कडीवर तो एका ठोक्यात तीन ठिपके मारायचा. परीक्षेगणिक एक. हा तीन टोकांचा पंच त्यानं स्वतः बनवला होता आणि तो कायम त्याच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात असायचा.

वर्षातून एकच दिवस तो पंच खिशाबाहेर राही. खंडेनवमीला दुकानातली सगळी हत्यारं कऱ्हाटीला आबाजीच्या घरी जायची. आबाजीची बायको गोजरबाई ती पाटावर मांडून त्यांना हळदीकुंकू वाहायची, झेंडू घालायची. रसूलची गुंडाळीही त्यातच, आणि मधोमध त्याचा पंच. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, त्याला विसावा द्यायचा. दसऱ्याला रसूल सगळं परत घेऊन यायचा. वीस वर्षांत त्याच्या मनात कधी पाल चुकचुकली नव्हती. देवापुढं ठेवलेल्या वस्तूची काळजी करायची असते, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

पळसदेवहून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ती की आबाजीच्या लेथवर ठेवली. आबाजीनं मशीन बंद केली. नाकारायचा प्रयत्नसुद्धा केला नाही, हे रसूलला जास्त लागलं.

"किती केल्यास?"

"चोवीस."

"ठिपकं कवा मारलंस?"

आबाजी कापसानं हात पुसत राहिला. "खंडेनवमीला. दुपारच्याला. गोजर शेताकडं गेल्ती."

"ज्या दिशी हत्याराला हात लावायचा न्हाय, त्या दिशी?"

त्यावर आबाजी भडकला. चोरी पकडली गेली की माणूस एक तर रडतो, नाहीतर हिशेबाबाहेरचं जुनं काहीतरी काढतो. "वीस वरसं मुठी मी कातल्या," तो म्हणाला. "लोकं काय म्हंत्यात? रसूलची हत्यारं. माझं नाव एकानं घेतलं का? आन सांगू का तुला, लोकं ठिपकं बघत्यात. पोलाद कोण बघतंय?"

रसूलला त्याची गचांडी धरावीशी वाटली. पण हात उठला नाही. वीस वर्षं ज्याच्या डब्यातली भाकरी खाल्ली त्याच्यावर हात उठायला रागाखेरीज आणखी काहीतरी लागतं, ते त्याच्यापाशी नव्हतं. तो आपल्या जागेवर जाऊन बसला. समोर उघडून ठेवलेल्या नोझलमध्ये त्याला दिवसभर काही दिसलं नाही.

घरी मुनिरानं, त्याच्या बायकोनं, सगळं ऐकून घेतलं आणि आबाजीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. चावडीवर नेऊन उभा करा त्याला, म्हणाली. रसूल म्हणाला, हत्यारं लोकांनी आबाजीला बघून घेतली नाहीत, खुणेला बघून घेतली. खूण माझी. मी ती हातातनं सोडली.

"मग काय करणार हायसा?"

"बदलून दीन."

"तुमी येडं झालाय," मुनिरा म्हणाली. तिचे डोळे भरले होते. वीस वर्षं सणाला नवा सदरा न घेता नवरा पुण्याच्या वाऱ्या करत होता, हे तिनं पाहिलं होतं.

त्या रात्री जेवायच्या आधी रसूलनं आतल्या खिशातला पंच काढला. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या त्यानं तो ग्राइंडरवर धरला. तिन्ही टोकं जाईपर्यंत धरला. आबाजी लेथपाशी पाठमोरा उभा होता. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

मग जून-जुलैभर रसूल इंदापूरच्या वाऱ्या करत राहिला. ज्याच्याकडं खोटी की किंवा खोटा डिसमिस असेल त्याच्याकडून तो घ्यायचा आणि त्याच मापाचं आपलं हत्यार गुंडाळीतून काढून द्यायचा. दातांच्या डॉक्टरांना दोन मिमीची की दिली तेव्हा त्याचा हात क्षणभर सुटेना. ती त्याची पहिली की होती. डॉक्टरांनी ती ड्रॉवरमध्ये टाकली आणि चहा विचारला.

गुंडाळीतली एकोणीस हत्यारं संपली. पाच खोटी उरली, ती सगळी हिंदुरावांपाशी. रसूल पुन्हा जुन्या बाजारात गेला, दोन बुधवार घालवून त्यानं पाच नग निवडले, तिन्ही परीक्षा घेतल्या. मुठी या वेळी स्वतःच कानशीनं घासून केल्या, ओबडधोबड. आणि ती घेऊन तो हिंदुरावांच्या कापडाच्या दुकानात गेला. हिंदुरावांनी एक हत्यार उचलून फिरवून पाहिलं.

"ह्याच्यावर ठिपकं न्हाईत की."

"हत्यार बगा, हिंदुराव. उजेडात धरा."

"आमाला त्यातलं काय कळतंय?" हिंदुराव म्हणाले. हत्यार गादीवर ठेवून ते पुढं म्हणाले, "राग मानू नका, रसूलभाई. पर आबाजी म्हणत व्हता, तुमची नजर आता पयल्यासारखी ऱ्हायली न्हाय. म्हणूनशान त्या चोवीस नगांत चूक झाली म्हनं. वयच हाय, कुणाचंबी हुतं. मोहनरावांनी बी आता त्येंचा ट्रक त्याच्याकडंच दिलाय."

रसूल गादीच्या काठावर बसून होता. समोर नोकर लुगड्याच्या घड्या घालत होता, त्या घडीचा काठ सुताएवढा सरकलेला त्याला पंधरा फुटांवरून दिसत होता. नजर शाबूत होती. तिच्यावरच घाव घातला होता. ठिपके चोरले तेव्हा दुखलं होतं त्याच्या दसपट हे दुखलं, कारण ठिपके पंचाचे होते आणि नजर त्याची होती. बोलून टाकावं असं त्याच्या ओठांपर्यंत आलं. पण ज्या माणसाला पोलाद बघायचं नाही त्याला सांगून उपयोग काय? त्यानं पाच खोटी हत्यारं मागून घेतली, पाच खरी गादीवर ठेवली आणि तो उठला. ती पाच हिंदुरावांनी वापरली की नाही, ते त्यांनाच माहीत.

दुकानात पुढचे दोन महिने लेथ चालायचा आणि नोझलही चालायचं. चहा एकाच किटलीतून दोन कपांत यायचा. बोलणं तेवढं बंद होतं.

ऑक्टोबरात खंडेनवमी आली. आबाजीनं हत्यारांचा विषय काढला नाही. पण आदल्या दिवशी गोजरबाईचा निरोप आला, भाऊजींना म्हणावं, यंदा उशीर करू नका. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. रसूल सकाळच्या एसटीनं कऱ्हाटीला गेला. एका काखेत गुंडाळी, दुसऱ्या हातात गोणपाटाची पिशवी.

आबाजी ओसरीवर झेंडूच्या माळा करत होता. रसूलला बघून त्याच्या हातातली सुई थांबली. रसूल आत गेला आणि पाटावर एकेक हत्यार मांडू लागला. चोवीसच्या चोवीस. बाभळीच्या मुठी, पितळी कड्या, कड्यांवर तीन-तीन ठिपके. काहींची टोकं गोल झालेली, एक तर पिळवटून वाकलेली.

गोजरबाई हळदीकुंकवाचा करंडा घेऊन आली. ती दरवर्षीसारखी रसूलच्या हत्यारांना ठिपक्यांवरच कुंकू लावत गेली. एका कडीला तीन बोटं.

"यंदा हत्यारं लई वाढली की, भाऊजी."

"वाढली न्हाईत, वहिनी. परत आली."

तिनं मान डोलावली. मग मधल्या रिकाम्या जागेकडं बोट केलं. "आन तो पंच?"

रसूलनं आतल्या खिशातून पंच काढून मधोमध ठेवला. गोजरबाईनं तो उचलून फिरवून पाहिला. टोकं कुठं गेली म्हणून तिनं विचारलं. रसूल म्हणाला, झिजली. तिनं त्या सपाट पोलादावर कुंकवाचं एक बोट टेकवलं आणि नवऱ्याला हाक मारली. अहो, या की, पाया पडा.

आबाजी दारात येऊन उभा होता. गोजरबाईनं पुन्हा हाक मारली तेव्हा तो पुढं आला, पाटासमोर बसला आणि वाकला. वाकला तो लवकर वर आला नाही. गोजरबाईला वाटलं, यंदा नवऱ्याची भक्ती वाढली.

रसूल निघाला तेव्हा तिनं विचारलं, उद्या दसऱ्याला न्यायला याल ना?

"नको, वहिनी. ही हितंच असू द्या."

फाट्यावर एसटीला अर्धा तास होता. रसूल दगडावर बसला. गुंडाळी उघडून त्यानं एकेक कप्पा बोटानं चाचपला, आतला तेलाचा ओशटपणा बोटाला लागला. मग त्यानं ती रिकामी गुंडाळी नेहमीसारखी घट्ट वळली, दोरीचे दोन वेढे दिले, गाठ मारली आणि एसटी येईपर्यंत मांडीवर घेऊन बसून राहिला.