जंतूबाबांचा तोंडवळा

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पुढच्या रांगांत बसलेल्या लोकांकडे पाहून नवखा माणूस चरकायचाच, कारण सगळे एकाच आईच्या पोटचे वाटत होते. तेच गरगरीत गाल, तीच लालसर तकाकी, तीच दुहेरी हनुवटी. आणि तोच तोंडवळा घेऊन व्यासपीठावर जंतूबाबा बसले होते.

"माझ्या आतड्यातले पवित्र जिवाणू या पुडीतून तुमच्या आतड्यात राहायला येतात," बाबा गोड आवाजात सांगत होते. "ते रुजले की भक्त माझ्यासारखा दिसू लागतो. विज्ञान आहे हे, विज्ञान! मोठमोठ्या प्रयोगशाळा यावर डोकं खाजवतायत."

टाळ्यांचा कडकडाट झाला. कोपऱ्यात कॅमेरा घेऊन उभ्या असलेल्या फोटोवालीने मात्र टाळी वाजवली नाही. तिचा नवरा दुसऱ्या रांगेत होता. मोठ्या आतड्याला सूज, आत जखमा, रक्ताचे जुलाब. या दुखण्याने तो वर्षानुवर्षं हैराण झाला होता. पुडी सुरू केली आणि रक्त थांबलं, हे तिनेही पाहिलं होतं. दवाखान्याच्या गोळ्या त्याने तेव्हाच केरात टाकल्या. आता त्याचा चेहराही बदलला होता. रोज शेजारी झोपणारा माणूस अनोळखी दिसायला लागला की छातीत धस्स होतंच.

त्या रात्री घरी तिने सुनावलं, "अहो, दंड बघा तुमचे, काड्या झाल्यात! गालच तेवढे फुगतायत."

"अगं, जिवाणू आधी चेहऱ्यावर दिसतात. बाबा म्हणालेत."

"बाबांचं काय जातंय म्हणायला!"

दुसऱ्या दिवशी शेजारच्या मावशी ओळखपत्राचा फोटो काढायला तिच्या स्टुडिओत आल्या. फोटोवालीने कॅमेऱ्यातून पाहिलं आणि तिचा हात थबकला. तेच गाल, तीच हनुवटी, तेच बारीक दंड.

"मावशी, तुम्ही कधीपासून जंतूबाबांकडे जाता?"

"मी? त्या भोंदूच्या दारात मेले तरी जाणार नाही! दम्यासाठी डॉक्टरीणबाई स्टेरॉइडच्या गोळ्या देतायत ना, त्याने सुजलंय हे थोबाड. म्हणाल्यात, हळूहळू कमी करू."

फोटोवालीने घरातली एक पुडी उचलली आणि डॉक्टरीणबाईंकडे नेली. तपासणीचा निकाल आला तेव्हा बाईंचा चेहरा उतरला. पुडीत जिवंत जिवाणू औषधालाही नव्हता. होतं ते दळलेलं स्टेरॉइड, तेही भरपूर.

"आतड्याची सूज यानेच दबली," त्या म्हणाल्या. "जिवाणूंवर संशोधन खरंच चालू आहे, काही रुग्णांना थोडा फायदाही दिसलाय. पण त्यांनी कुणाचं तोंड असं गोल होत नाही. आणि हे स्टेरॉइड एकाएकी बंद केलं तर माणूस कोसळतो. जिवावर बेतू शकतं."

फोटोवालीला उपासाची आठवण झाली. दीक्षेच्या आधी काही दिवस पुडी बंद ठेवून उपास करा, असा बाबांचा हुकूम होता. नवऱ्याने परवापासून पुडीला हात लावला नव्हता, आणि आज तो दीक्षेला गेला होता.

मावशींना घेऊन ती आणि डॉक्टरीणबाई सभागृहात धावल्या. मावशी तरातरा व्यासपीठावर चढून बाबांशेजारी उभ्या राहिल्या. सख्खी भावंडंच जणू!

"पाहिलंत? माझ्याच जिवाणूंची करणी!" बाबा हरखले.

"डोंबल तुझे जिवाणू! तुझं तोंड मी आज पहिल्यांदा बघतेय," मावशी कडाडल्या आणि त्यांनी आपल्या गोळ्यांची पट्टी सगळ्यांसमोर धरली. पुडीत तेच औषध सापडलंय, हे डॉक्टरीणबाईंनी खणखणीत आवाजात सांगितलं.

एकच गदारोळ झाला. लोक पुड्या फाडून पायाखाली तुडवू लागले. त्या गडबडीत बाबा मागच्या दाराने पसार झाले.

"फेकू नका!" डॉक्टरीणबाई घसा फोडून ओरडत होत्या. "एकदम बंद करू नका! आधी दवाखान्यात चला!"

कोण ऐकतंय! तेवढ्यात फोटोवाली किंचाळली. तिचा नवरा खुर्चीतच कलंडला होता, अंग गार, ओठ पांढरे. बाईंनी बॅगेतून इंजेक्शन काढून तिथल्या तिथे दिलं. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले.

"बाबा कुठेत?" त्याने पुटपुटत विचारलं.

"पळाले तुमचे बाबा!" ती रडतही होती आणि चिडलीही होती. "बरं वाटलं की माणूस हुरळतो, मान्य. पण पोटात काय घालतोय, एवढं तरी विचारायचंत ना हो!"

मग तिने बाबांचा माइक उचलला. "फसलात, यात लाज नाही. मीही फसले होते. पण आता लपवू नका. उपास म्हणून पुडी सोडलेल्यांनी हात वर करा."

एक हात वर आला. त्याच्या शेजारचा आला. मग पुढच्या रांगांतून हात येतच राहिले. डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यात फोन लावला होता; किती रुग्णवाहिका हव्यात, असं पलीकडून विचारत होते. वर आलेल्या हातांकडे बघत त्या म्हणाल्या, "असतील तेवढ्या पाठवा."